रोगनिदानाच्या कामी संगणक: आधी नोंद, मग निष्कर्ष

छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयरोगाची शक्यता वर्तवणाऱ्या संगणक प्रणालींचा वापर तज्ज्ञ वाचकाच्या जागी करता येईल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये केली. ही शिफारस पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपुरती आणि केवळ प्राथमिक चाळणीपुरती मर्यादित आहे. तरीही एखाद्या रोगाच्या तपासणीत मानवी वाचकाऐवजी यंत्राचे वाचन ग्राह्य धरण्याची मुभा जागतिक पातळीवर मिळाली, ही बाब महत्त्वाची मानली गेली. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि क्ष-किरण चित्रे वाचणारे तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने शहरांत एकवटलेले आहेत. त्यामुळे ७ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणातील पंचकुला येथून सुरू झालेल्या आणि देशातील ३४७ जिल्ह्यांसाठी आखलेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग निर्मूलन मोहिमेत, हातात उचलून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि त्यांच्या जोडीला अशा प्रणाली वापरण्यात आल्या.

संगणक डॉक्टरांची जागा घेणार काय, हा प्रश्न अशा प्रत्येक बातमीबरोबर नव्याने चर्चेत येतो. वैद्यकातील संगणकाचा गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर त्याच्या आधीचा एक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. यंत्रापुढे ठेवलेली माहिती कोणी, कोणत्या शब्दांत आणि किती काळजीने नोंदवली होती, हा तो प्रश्न होय.

मराठीत ‘निदान’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ रोग ओळखणे असा असला, तरी आयुर्वेदाच्या परिभाषेत निदान म्हणजे मुळात रोगाचे कारण. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच अंगांनी रोग जाणून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. रोगाची ओळख ही एका खुणेवरून होत नाही, अनेक खुणांचा मेळ घालून होते, ही कल्पना त्यामागे आहे. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या निदानाचा पायाही नेमका हाच आहे.

या पायाची गणिती मांडणी रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकाच्या ३ जुलै १९५९ च्या अंकात केली. लक्षणे आणि रोग यांचे परस्परसंबंध तर्कशास्त्राच्या व संभाव्यतेच्या नियमांनी मांडता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक टॉमस बेज यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत त्यांनी त्यासाठी वापरला. एखाद्या रोगात एखादे लक्षण किती वेळा आढळते आणि तो रोग मुळात किती जणांना होतो, हे दोन आकडे सर्व संभाव्य रोगांबाबत ठाऊक असले, तर ते लक्षण असलेल्या माणसाला तो रोग असण्याची शक्यता काढता येते, असे त्या सिद्धांताचे सार सांगता येईल. अडचण गणिताची नव्हतीच. हे आकडे आणायचे कोठून, ही अडचण होती.

लीड्समधील पोटदुखी

त्या अडचणीला सर्वांत चिकाटीने हात घातला तो इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाचे शल्यचिकित्सक टिमोथी डी डॉम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी निवडलेला विषय अगदी साधा वाटेल असा होता: अचानक उद्भवणारी पोटदुखी. रात्री-अपरात्री रुग्णालयात येणाऱ्या अशा रुग्णाला प्रथम पाहतो तो बहुधा कनिष्ठ डॉक्टर. आंत्रपुच्छाचा दाह म्हणजे अपेंडिसायटिस असेल, तर शस्त्रक्रियेला उशीर झाल्यास आंत्रपुच्छ फुटून पोटात पू पसरतो. घाईने पोट उघडावे, तर आत काहीच न सापडण्याची भीती असते. निर्णय काही तासांत घ्यावा लागतो आणि दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

डी डॉम्बल यांच्या चमूने शेकडो रुग्णांची माहिती एकाच नमुन्याच्या तक्त्यावर गोळा केली. दुखणे कोठे सुरू झाले, आता कोठे आहे, कशाने वाढते, कशाने कमी होते, उलटी झाली काय, पोट दाबल्यावर कोठे दुखते, अशा प्रश्नांची उत्तरे ठरावीक पर्यायांतूनच निवडायची होती. या नोंदींवरून संगणकाने आंत्रपुच्छदाह, पित्ताशयदाह, स्वादुपिंडदाह, आतड्यातील अडथळा, फुटलेला अल्सर, मोठ्या आतड्यातील पिशव्यांचा दाह आणि कोणतेही निश्चित कारण नसलेली पोटदुखी या सात शक्यतांचे प्रमाण काढावे, अशी योजना होती.

या प्रयोगाचा अहवाल १९७२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ३०४ रुग्णांमध्ये संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर ठरले. त्याच रुग्णांना पाहणाऱ्या चमूतील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे निदान ७९.६ टक्के वेळा बरोबर होते. यंत्राने डॉक्टरांवर मात केल्याचे उदाहरण म्हणून हे आकडे आजही सांगितले जातात. तथापि त्याच चमूने त्या काळात केलेले आणखी दोन प्रयोग फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक बोलके आहेत.

पहिल्या प्रयोगात प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवरून काढलेल्या प्रमाणांऐवजी अनुभवी डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलेली प्रमाणे संगणकाला पुरवण्यात आली. अमुक रोगात अमुक लक्षण शेकडा किती जणांना असते, हे त्यांनी आपल्या आठवणीवरून सांगायचे होते. गणित तेच, यंत्र तेच, रुग्णही त्याच प्रकारचे. परंतु निदानाची अचूकता लक्षणीयरीत्या घटली. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून मनात तयार झालेले चित्र आणि रुग्णांची प्रत्यक्ष मोजदाद यांत अंतर असते, हे त्यातून दिसून आले. दुर्मिळ पण लक्षात राहिलेला रुग्ण मनात जास्त जागा अडवतो, हे कोणताही डॉक्टर मान्य करील.

दुसरा निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो खुद्द डॉक्टरांविषयी होता. प्रयोग चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारत गेले. शस्त्रक्रियेपूर्वीच आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. प्रयोग थांबवल्यानंतर मात्र हे आकडे पुन्हा पूर्वस्थितीकडे झुकले. तक्ता भरण्यासाठी प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने आणि एकही न वगळता विचारावे लागत होते; शिवाय आपले निदान बरोबर आले की चुकले, हे डॉक्टरांना नियमितपणे कळत होते. यंत्राच्या उत्तराइतकाच या शिस्तीचा परिणाम झाला होता.

पुढे ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत १६ हजार ७३७ रुग्णांवर याच पद्धतीची चाचणी घेण्यात आली आणि तिचा अहवाल १९८६ मध्ये आला. प्राथमिक निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली, आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाण २३.७ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर उतरले आणि विनाकारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. संगणकाचा सल्ला बाजूला ठेवून केवळ नीटनेटका तक्ता भरला, तरीही निदानात सुधारणा होते, असे त्यानंतरच्या ब्रिटिश अभ्यासांत आढळले. दरम्यान, लीड्सची ही प्रणाली डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या रुग्णांवर वापरली असता तिची अचूकता लीड्सपेक्षा बरीच कमी भरली होती. तेथील रुग्णांमधील रोगांचे प्रमाण वेगळे, लक्षणे विचारण्याची व नोंदवण्याची पद्धत वेगळी. एका गावच्या नोंदी दुसऱ्या गावी जशाच्या तशा चालत नाहीत, हा धडा १९७०च्या दशकातच मिळाला होता.

हुशार यंत्र, अपुरी वही

त्याच दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली विकसित केली. तिची पद्धत निराळी होती. जंतुसंसर्गाच्या तज्ज्ञांचे ज्ञान ‘जर असे असेल, तर तसे असण्याची शक्यता इतकी’ अशा शेकडो नियमांत बांधून ती कोणते प्रतिजैविक द्यावे याचा सल्ला देई. सल्ल्यामागचे कारण विचारल्यास कोणत्या नियमांवरून तो काढला, हेही ती सांगे. हा गुण आजच्या अनेक प्रणालींमध्ये शोधूनही सापडत नाही. मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या दहा रुग्णांवरील तुलनेत परीक्षकांनी मायसिनचे ६५ टक्के सल्ले स्वीकारार्ह ठरवले. विद्यापीठातील पाच तज्ज्ञांबाबत हे प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्के होते. हा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

असे असूनही मायसिनचा प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधीही वापर झाला नाही. रुग्णाची सर्व माहिती डॉक्टरांना कळफलकावरून एकेक प्रश्नाचे उत्तर देत पुन्हा भरावी लागे, कारण ती प्रणाली रुग्णालयाच्या नोंदींशी जोडलेलीच नव्हती. सॉल्ट लेक सिटी येथील एलडीएस रुग्णालयात होमर वॉर्नर यांनी उभारलेली ‘हेल्प’ प्रणाली याच्या नेमकी उलट वाटेने गेली. प्रयोगशाळेचे अहवाल, औषधे आणि शुश्रूषेच्या नोंदी आधी एकत्र आणायच्या आणि त्यांवर लक्ष ठेवून धोक्याची सूचना द्यायची, असे तिचे स्वरूप होते. ती अनेक दशके वापरात राहिली.

नोंदींची ही बाजू लॉरेन्स वीड या अमेरिकी वैद्याने १९६८ मध्येच ठळकपणे मांडली होती. रुग्णाची कागदपत्रे त्या त्या विभागानुसार न लावता रुग्णाच्या तक्रारींनुसार लावावीत आणि प्रत्येक तक्रारीखाली रुग्णाने सांगितलेले, डॉक्टरांना आढळलेले, त्यावरून काढलेले अनुमान व पुढील योजना अशा चार भागांत लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी आजही या चार भागांत टिपणे लिहायला शिकतात.

रुग्णाचे शब्द, यंत्राचे संकेतांक

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. मराठी माणसाचे पोट केवळ दुखत नाही. पोटात कळ येते, मुरडा येतो, गोळा उठतो, ढवळते, जळजळते, पोट फुगते, पोटात कालवते. तापाविषयी बोलताना अंगात कसकस आहे, अंग मोडून आले आहे, कणकण वाटते आहे, असे तो सांगतो. ‘मुरडा’ म्हटल्याबरोबर गावाकडच्या डॉक्टरांना आव किंवा अतिसार आठवतो आणि ते पुढचा प्रश्न त्याच दिशेने विचारतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र या साऱ्यासाठी ‘पोटदुखी’ असा एकच पर्याय असू शकतो, आणि तो निवडला की त्या शब्दातील निदानोपयोगी अर्थ तेथेच गळून पडतो. भाषांतराचे काम करणाऱ्यांना हे नुकसान चांगले परिचयाचे आहे. येथे ते माणसाच्या प्रकृतीशी निगडित आहे, एवढाच फरक.

म्हणूनच वैद्यकीय संकेतांकांना महत्त्व आहे. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी १८९३ मध्ये तयार झाली. तिचाच वाढत गेलेला वंश म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींतील रोगसंज्ञांचा विभाग त्यात जानेवारी २०२४ मध्ये समाविष्ट करण्यात आला. हे वर्गीकरण प्रामुख्याने मोजणीसाठी आहे. रुग्णाच्या तक्रारी, तपासण्या, अवयव, औषधे असे बारीक तपशील नोंदवण्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ ही साडेतीन लाखांहून अधिक संज्ञांची परिभाषा वापरली जाते. भारत २०१४ मध्ये या परिभाषेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला. तिच्या भारतातील वितरणाचे केंद्र पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजेच सी-डॅकमध्ये आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके प्रथम २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. क्ष-किरण, सीटी, एमआरआय यांच्या चित्रांसाठी ‘डायकॉम’ हे मानक १९९३ पासून प्रचलित आहे. एका शहरात काढलेले चित्र दुसऱ्या शहरातील संगणकावर उघडते, ते या मानकामुळे. चित्रांच्या बाबतीत जगाचे जे एकमत झाले, ते शब्दांच्या बाबतीत अद्याप तितकेसे झालेले नाही.

चित्रांवरून शिकणाऱ्या प्रणाली

गेल्या दशकात यंत्राला नियम सांगण्याऐवजी हजारो उदाहरणे दाखवून शिकवण्याची पद्धत रूढ झाली. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणाऱ्या गूगलच्या प्रणालीचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी नेत्रपटलाची १ लाख २८ हजार १७५ चित्रे वापरण्यात आली होती. ही चित्रे अमेरिकेबरोबरच अरविंद नेत्र रुग्णालय, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतीय संस्थांमधून आली होती, आणि ५४ डॉक्टरांनी त्या चित्रांची प्रतवारी केली होती. यंत्र ‘स्वतः शिकले’ असे म्हटले जात असले, तरी त्याला शिकवणाऱ्या हातांची ही संख्या नजरेआड करता येत नाही.

प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली ही प्रणाली थायलंडमधील सरकारी दवाखान्यांत नेली असता काय घडले, याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत तपासलेल्या १ हजार ८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे अस्पष्ट असल्याने यंत्राने ती नाकारली. पुरेसा अंधार करता येईल अशी खोली अनेक ठिकाणी नव्हती, परिचारिकांवर रुग्णांची रीघ होती आणि इंटरनेट संथ होते. नाकारलेल्या चित्राच्या रुग्णाला पुन्हा दुसरीकडे, दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागे. निदान करणारे यंत्र बिघडलेले नव्हते. नोंद घेण्याची परिस्थिती त्याला साजेशी नव्हती.

चित्र स्वच्छ आणि आकडे बरोबर असूनही यंत्राचा ग्रह चुकीचा होऊ शकतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १९९०च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला अधिक धोका आहे, हे ओळखणाऱ्या प्रणालींची तुलना करण्यात आली. दमा असलेल्या न्यूमोनिया रुग्णांना मृत्यूचा धोका कमी असतो, असा निष्कर्ष नोंदींवरून निघाला. दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात दाखल करून तातडीने उपचार केले जात असल्यामुळे त्यांच्यातील मृत्यू कमी होते. उपचाराची ही तातडी मात्र यंत्राच्या हिशेबात नव्हती. त्या निष्कर्षाप्रमाणे दमेकऱ्यांना घरी पाठवले असते, तर अनर्थ ओढवला असता. ही विसंगती नियमांच्या रूपात डोळ्यांनी वाचता येणाऱ्या प्रणालीत दिसली, म्हणून लक्षात आली. अधिक अचूक असलेली पण आतून अपारदर्शक प्रणाली संशोधकांनी रुग्णांसाठी न वापरण्याचे ठरवले. आज नवी प्रणाली विकत घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हे उदाहरण विचारात घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

हजारांमधील दहा

आता पुन्हा क्षयरोगाकडे वळू. इंग्रजी बातम्यांत येणाऱ्या दोन वेगवेगळ्या संज्ञांसाठी मराठीत सर्रास ‘अचूकता’ हा एकच शब्द योजला जातो आणि त्यातून वाचकांचा गैरसमज होतो. रोग असलेल्यांपैकी किती जणांना यंत्राने ओळखले, ती संवेदनशीलता. रोग नसलेल्यांपैकी किती जणांना यंत्राने योग्य रीतीने सोडून दिले, ती विशिष्टता. क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने किमान ९० टक्के संवेदनशीलता आणि ७० टक्के विशिष्टता असावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

या आकड्यांचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने पाहू. एखाद्या वस्तीतील एक हजार लोकांची सरसकट तपासणी केली आणि त्यांत दहा क्षयरुग्ण असले, तर यंत्र त्यांपैकी नऊ जणांना ओळखेल, एक जण सुटेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी २९७ जणांवरही ते संशयाची खूण करील. म्हणजे संशयित ठरलेल्या ३०६ जणांत खरे रुग्ण नऊ, साधारण चौतिसांत एक. तेच यंत्र दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्यांच्या रांगेत ठेवले आणि तेथे हजारांत शंभर रुग्ण असले, तर संशयित ३६० आणि त्यांत खरे रुग्ण नव्वद, म्हणजे चारांत एक. यंत्र बदलले नाही, रांग बदलली. बेज यांचा सिद्धांत हेच सांगतो.

यामुळेच यंत्राचा शब्द अखेरचा मानला जात नाही. संशयितांच्या थुंकीची रेणवीय चाचणी करून खात्री केली जाते. गोव्यातील मोलबायो कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही विद्युत घटावर चालणारी चाचणी त्यांपैकी एक असून, तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. किती गुणांच्या वर संशयित म्हणायचे, ही मर्यादा प्रणाली वापरणाऱ्यांना ठरवता येते. मर्यादा खाली आणली, तर सुटणारे रुग्ण कमी होतात आणि चाचण्यांचा खर्च वाढतो. वर नेली, तर उलट होते. तालुक्याच्या ठिकाणी दिवसाला किती चाचण्या होऊ शकतात, यावर ही मर्यादा बऱ्याच अंशी अवलंबून राहते. म्हणजे दिसायला तांत्रिक असलेला हा आकडा प्रत्यक्षात प्रशासकीय निर्णय असतो, आणि तो कोणी घेतला याची नोंद असणे आवश्यक आहे.

बांगलादेशातील ढाका येथे २३ हजार ९५४ जणांच्या क्ष-किरण चित्रांवर पाच प्रणालींची तुलना करण्यात आली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीची प्रणालीही त्यांत होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाचही प्रणाली तेथील अनुभवी क्ष-किरण तज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. साठीच्या पुढील व्यक्ती आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले रुग्ण यांच्याबाबत मात्र पाचही प्रणालींची कामगिरी खालावली. जुन्या आजाराचे व्रण फुप्फुसावर राहतात आणि चित्रात ते नव्यासारखे दिसू शकतात. रुग्णाला पूर्वी क्षयरोग झाला होता, ही एका ओळीची नोंद अशा वेळी निर्णायक ठरते. चित्रातून ती मिळत नाही. भारतात २०१२ पासून कार्यरत असलेल्या ‘निक्षय’ या राष्ट्रीय नोंदप्रणालीचे महत्त्व येथे ध्यानात येते. काम बदलल्यामुळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मजुराच्या उपचारांचा मागोवा तिच्याद्वारे घेता येतो.

नोंदी कोणाच्या?

देशपातळीवर विखुरलेल्या आरोग्य नोंदी परस्परांशी जोडण्यासाठी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांतील प्रायोगिक टप्प्यानंतर २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ते देशभर सुरू झाले. यात नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात न साठवता त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. संमती कोणत्या नोंदींसाठी आणि किती काळासाठी आहे, हे रुग्णाने ठरवायचे असते. ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या, मोबाइलवर आलेला अंक खिडकीवर सांगणाऱ्या रुग्णाला आपण नेमकी कशाला संमती दिली हे कितपत उमगते, हा प्रश्न वेगळा.

नोंदी संगणकावर गेल्याने निर्माण होणाऱ्या धोक्याची प्रचिती २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला आली. सायबर हल्ल्यात संस्थेच्या पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. सुमारे दोन आठवडे नोंदणी, दाखले आणि तपासण्यांचे अहवाल यांचे काम हाताने, कागदावर करावे लागले. हल्ल्याची झळ न लागलेल्या एका सर्व्हरवर नोंदींची प्रत असल्याने ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती परत मिळवता आली.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी नैतिक मार्गदर्शक सूचना त्याच वर्षी मार्चमध्ये जारी केल्या. यंत्राच्या सल्ल्यानंतरही निर्णयाची जबाबदारी माणसावर राहावी, असे त्यांत म्हटले आहे.

कागदी असो वा संगणकीय, स्वतःच्या नोंदींची प्रत मिळवण्याचा रुग्णाचा अधिकार त्याहून जुना आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेसंबंधीच्या २००२ च्या नियमांनुसार, दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच जपून ठेवावी.